दोन हिसके

मिठाईवाल्याने बर्फखान्याचं जाड दार लोटलं, बाहेरून कडी घातली आणि हातातली चावी खांद्यावरच्या पंच्याला पुसली. आतून दोनदा ठकठक झाली. तो ऐकत उभा राहिला, तोंडातल्या तोंडात कसलीशी जुनी चाल गुणगुणत. पुन्हा दोनदा ठकठक. मग काही नाही.

"मरू द्या ना त्याले, ताई," चेतना म्हणाली आणि मुरमुऱ्यांची मूठ तोंडात टाकून हसली. "असाच होता तो. खडूस. कोणी रडणार नाई त्याच्यासाठी."

पुष्पांजलीने टीव्हीवरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं. चव्वेचाळीस वर्षांची बाई, गळ्यात शिलाईची मोजपट्टी, ओठाच्या कडेला मुरमुऱ्याचा कण, उजव्या गालाला खळी. पुष्पांजलीच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला आणि चहा सांडला. चेतनाने लगेच पदराने टीपॉय पुसला. तिचं सगळं असंच, दुसऱ्याचं सांडलेलं आपल्या पदराने पुसायचं. बर्फखान्यात मेला तो वजनमापाचा तपासनीस. पाच भागांत एकदाही हसला नव्हता, दुकानादुकानात वजनं उचलून पाहायचा, कोणाचा चहा प्यायचा नाही. एका भागात अर्धं मिनिट तो आपल्या लहान मुलीच्या बुटाची नाडी बांधताना दाखवला होता. ते अर्धं मिनिट कोणाच्याच लक्षात राहिलं नसणार. लक्षात राहायला मिठाईवाला होता ना. आजारी बहिणीला चमच्याने पेज भरवणारा, गल्लीतल्या कुत्र्यांना नावाने हाक मारणारा. आतापर्यंत तीन जण मारले त्याने, आणि तिन्ही वेळा या दोघींना वाटलं होतं की पोलिसांनी आज येऊ नये.

रोज चार वाजता हे चालायचं. पुष्पांजलीची सकाळची शाळा. एक वाजता घरी यायचं, वरण-भाताचा कुकर लावायचा, एकटीने जेवायचं, आडवं व्हायचं, आणि चार वाजेपर्यंतचा वेळ कसातरी ढकलायचा. नवरा कैलाश रेल्वेत होता, सहा वर्षांपूर्वी गेला. मुलगा हिमांशु पुण्याला. त्याने दिवाळीत येऊन टीव्हीला मालिका जोडून दिल्या, म्हणाला, आता तुला कंटाळा येणार नाही. आईला कंटाळा येतो हे त्याला कळलं, एवढंही पुष्कळ होतं. घर मोठं वाटायला लागलं की माणूस टीव्हीचा आवाज वाढवतो, तसा तिनेही वाढवला, आणि तो आवाज ऐकून दोन वर्षांपूर्वी शेजारची नवी बाई कंपाउंडच्या बुटक्या भिंतीवरून डोकावली होती. "कोणती सिरियल पाहून रायल्या, ताई?" तीच चेतना. तिचा नवरा धर्मेंद्र ट्रकवर, आठवड्यातले पाच दिवस रायपूरच्या रस्त्यावर. मुलगी आचल नववीत, दिवसभर शाळा आणि शिकवणी. तेव्हापासून भिंतीवरून वाट्या फिरायला लागल्या. इकडून वड्या गेल्या की तिकडून भाजी यायची. वाटी रिकामी परत करायची नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची, हे दोघींच्या आयांनी शिकवलेलं. गोंदियात तीस वर्षं काढून पुष्पांजलीला जी मैत्रीण मिळाली नव्हती ती अशी भिंतीवरून मिळाली.

आणि मिळाली ती माहेरच्या गावामुळे, ही खरी गोम. पहिल्याच आठवड्यात बोलता बोलता पुष्पांजलीने गावाचं नाव घेतलं, सौंदडपासून दोन कोसांवरचं, तलावाचं गाव. तर चेतना उठून तिच्या पायाजवळ बसली. "ताई, माझ्या बापाचं गाव ते. बिसराम. पाणकर होता, तलावाचं पाणी सोडे. तलावाच्या तुडुमात बुडून मेला. मी तीन वर्षांची होती. माय मले घेऊन आमगावले मामाकडे आली, मंग आमी कधी गेलोच नाई. तुमाले आठवते का तो? कसा होता?" पुष्पांजलीला आठवत होता. चांगलाच आठवत होता. ती म्हणाली, "चांगला होता." तेवढ्याने भागलं नाही. चांगला म्हणजे कसा? पोटच्या पोरीने बापाचं विचारावं आणि आपण काय सांगावं, तो हसत नव्हता, पोरांना तलावाच्या पाळीवरून हाकलायचा, त्याला पाहून बाया पदर सावरून गप्प व्हायच्या? तेव्हा पुष्पांजलीने हात घातला तिच्याजवळ जी एकच प्रेमाची पेटी होती तिच्यात, आणि तिथून काढून द्यायला लागली. पोरींसाठी तलावातून कमळं काढून आणायचा. जत्रेतून येताना गूळ-फुटाणे आणायचा. आणि दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरून सारसाचा आवाज काढायचा, असा की पलीकडच्या बांधीतल्या धानातून खरी सारसाची जोडी उत्तर द्यायची. हे सगळं खरं होतं. फक्त ते बिसरामचं नव्हतं, पुष्पांजलीच्या गोपीमामाचं होतं.

चेतनाने त्या सारसाचा ध्यास घेतला. अंगणात कपडे वाळत घालता घालता ती ओंजळ तोंडाशी धरायची. आधी नुसती हवा निघायची, मग घोगरा आवाज, मग एक दिवस तो खराच निघाला, लांब, चिरत जाणारा. पुष्पांजली तेव्हा तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले, कारण मामा अंगणात आल्यासारखा वाटला. भिंतीवरून चेतना ओरडली, "आला ना, ताई? आंगातच आहे माझ्या. बापाचं आहे." नंतर तिने आचललाही शिकवला. शोकेसमध्ये गोपीमामाचा हार घातलेला फोटो होता. दिवाळीच्या साफसफाईत मदतीला आली तेव्हा चेतनानेच तो पुसला. "किती गोड दिसतात हो तुमचे मामा," म्हणाली. पुष्पांजली स्टुलावर चढून जाळी काढत होती, तिने खाली पाहिलं नाही.

टीव्हीवर आता तपासनिसाची बायको रडत होती, पण तिच्यावर कॅमेरा फार वेळ थांबला नाही. चेतनाने आवाज कमी केला. "ताई, एक सांगाचं होतं. रविवारी गावाले चाललो आमी. मी अन् आचल. तुमी बी चला. मले ते तुडुम दाखवा. मी त्या पाळीवर उभी राहीन अन् सारस बोलावीन. गावच्या म्हाताऱ्यायले समजन ना, बिसरामची पोरगी आली म्हणून."

पुष्पांजलीच्या डोळ्यांपुढे ते झालंसुद्धा. पाळीवर चेतना, हातांची ओंजळ, तो आवाज. आणि चावडीपाशी बसलेले म्हातारे माना वर करून एकमेकांकडे पाहताहेत. त्या आवाजाचा मालक कोण हे त्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कोणीतरी तिला तोंडावर विचारेल, बाई, तू गोपीचंदची कोण? "पाहू," पुष्पांजली म्हणाली. "पाहू काय, चलाच," चेतना म्हणाली, आणि पुन्हा आवाज वाढवला.

गावचा तलाव कोहळी शेतकऱ्यांच्या वाडवडिलांनी बांधलेला. तुडुम म्हणजे पाळीच्या आतल्या अंगाला बांधलेली दगडी विहीरच म्हणा. तिला वरपासून खालपर्यंत एकाखाली एक भोकं आणि प्रत्येक भोकात लाकडाचा दट्ट्या. वरचा काढला की पाणी पाटातून शेतांकडे निघायचं. तलाव उतरला की खालचा काढायचा. काढायला सोपं, बसवायला कठीण, कारण वाहतं भोक माणसालाच ओढून घेतं. म्हणून पाणकर कमरेला दोर बांधून उतरायचा आणि दोराचं दुसरं टोक पाळीवर एका माणसाच्या मुठीत असायचं. ज्या घराचा पाण्याचा नंबर पुढचा, त्या घरच्या पुरुषाने दोर धरायचा, अशी रीत. एक हिसका आला तर ढील द्यायची, दोन आले तर ओढायचं. दोर धरणाऱ्याने कोणाशी बोलायचं नाही, तंबाखू मळायची नाही. हे नियम गावाने कुठे लिहिले नव्हते, पण त्या वेळेपर्यंत कोणी मोडलेही नव्हते.

त्या साली आश्विनात आभाळ कोरडं पडलं. धान गर्भावर आलेला आणि पुष्पांजलीच्या घरची बांधी, भाताचं खाचर, पाटाच्या पार शेपटाला. वडील दोन वर्षांपूर्वी गेलेले. आई, सुभद्राबाई, आणि तिच्या मदतीला येऊन राहिलेला तिचा भाऊ गोपीचंद. आई बिसरामला म्हणाली, जमिनीले भेगा पडल्या, आज पाणी द्या. बिसराम म्हणाला, नंबर उद्याचा. आई हात जोडून म्हणाली, एकट्या बाईचं शेत आहे. तर तो लोकांसमोर म्हणाला, "पाण्याले विधवा कोण अन् सधवा कोण, समजत नाई. उद्या म्हणजे उद्या." आई घरी येऊन चुलीपुढे रडली. बारा वर्षांच्या पुष्पांजलीने त्या माणसाचं वाईट चिंतलं, मनापासून, जसं फक्त त्या वयात चिंतता येतं.  मामाने बहिणीला चहा करून दिला आणि भाचीला हसवायला सारसाचा आवाज काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिसराम दट्ट्या बसवायला उतरला. वरच्या शेतांचं पाणी बंद करून, पाट झाडून, दुपारनंतर शेपटाकडे सोडायचं ठरलेलं. पुढचा नंबर यांचा, म्हणून दोर मामाच्या हातात. पुष्पांजली त्याच्यासाठी डब्यात भात घेऊन पाळीवर चढली तेव्हा दोर ताठ होता आणि मामा गुणगुणत उभा होता. मग दोराला हिसके आले. दोन. थांबून पुन्हा दोन. मग नुसतेच, किती ते कळू नये असे. मामाने दोर सोडला नाही. त्याने तो ओढला नाही एवढंच. पाण्याकडे पाहत उभा राहिला, दुकानात वस्तू बांधून मिळेपर्यंत माणूस उभा राहतो तसा. हिसके थांबले. मग त्याने मान वळवली, भाचीला पाहिलं, आणि हसला. तेच हसू, रोजचं, गूळ-फुटाण्यांचं. आणि लगेच ओरडत त्याने तलावात उडी घेतली. प्रेत त्यानेच वर काढलं. ते मांडीवर घेऊन तो रडला आणि ते रडणं खोटं नव्हतं. पुष्पांजलीने ते जवळून पाहिलं होतं. खोटं असतं तर पुढचं आयुष्य सोपं गेलं असतं.

दट्ट्या बसवायला पुन्हा उतरायची कोणाची छाती नव्हती. दोन दिवस पाणी वाहत राहिलं आणि शेपटाच्या बांधीत घोट्याएवढं उभं राहिलं. धान वाचला. वर्षभर तोच भात त्यांनी खाल्ला, आणि चवीला चांगला होता. गाव म्हणालं, दोराचा घोटाळा झाला, बिचारा गोपीचंद. आणि हळूच म्हणालं, असाच होता तो बिसराम, कोण रडणार आहे त्याच्यासाठी. पोलीस ठाण्याचा हवालदार आला, खाटेवर बसला, चहा प्याला. मामाने सांगितलं, एकच हिसका आला साहेब, मी ढील दिली. हवालदाराने विचारलं, आणखी कोण होतं पाळीवर? मग तिला पुढे केलं. किती हिसके आले, पोरी? तिने एक बोट वर केलं. मामा तिच्या मागे उभा होता, पण त्याने तिला धमकावलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं काही. भीतीने केलं असतं तर तिने स्वतःला केव्हाच माफ केलं असतं. तिला मामा आवडत होता आणि बिसराम आवडत नव्हता. एवढ्यावर तिने तो जीव निकालात काढला.

मालिका संपली. पडद्यावर पुढच्या भागाचे आकडे उलटे धावायला लागले, तशी पुष्पांजलीने टीव्ही बंद केला. "चेतना, रविवारी तिथे सारस बोलावू नको."

"काऊन?"

"तो आवाज तुझ्या बापाचा नाही. माझ्या मामाचा आहे. कमळं, फुटाणे, सगळं मामाचं. तू विचारलंस आणि माझ्याजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं."

चेतना आधी हसलीच, थट्टा समजून. मग तिने शोकेसकडे पाहिलं. पुष्पांजली बोलत राहिली, थांबली असती तर पुन्हा जमलं नसतं. दोर सांगितला, नंबर सांगितला, दोन हिसके सांगितले, पुन्हा दोन सांगितले. मी लहान होते, असं ती मध्ये तीनदा म्हणाली. मी बारा वर्षांची होते, मला काय कळत होतं. हवालदाराची खाट मात्र तिने गाळली. आपण गाळतोय हे तिला बोलताना कळत होतं, आणि तरी जीभ त्या जागेवरून अलगद पुढे गेली.

चेतना गळ्यातली मोजपट्टी बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. ती म्हणाली, "मंग माझा बाप कसा होता? खरा सांगा."

"कडक होता. हसायचा नाही. कोणाकडे चहा प्यायचा नाही." पुष्पांजलीने आठवणीत आणखी खाली हात घातला, इतक्या वर्षांत तिने तिथे हात घातलाच नव्हता, आणि एक गोष्ट हाताला लागली. "पाणी सोडलं की पाटाच्या बाजूने चालत यायचा, आमच्या शेपटाच्या बांधीपर्यंत. तिथे पाणी पोचलं की हात घालून पाहायचा. तोवर जेवायचा नाही. त्याची शिदोरी आमच्या बांधावर सुटायची. आमचा नंबर त्याने कधी चुकवला नाही. त्या दिवशीही चुकवला नसता."

"कोणालेच आवडत नोयता का तो?"

"नाही."

"तुमाले?"

"नाही."

"अन् मामा? आता बी आवडते तुमाले?"

इथे खोटं बोलणं किती सोपं होतं. पुष्पांजलीने फोटोकडे पाहिलं. मामा हसत होता, आणि तिच्या छातीत जे व्हायचं ते आजही झालं. "हो," ती म्हणाली.

चेतनाने मान हलवली, ब्लाऊजचं माप बरोबर आल्यावर हलवायची तशी. चप्पल घातली. दारात वळून म्हणाली, "दोन वर्षं मी त्याचाच आवाज काढून रायली, ताई. माझ्या पोरीले शिकवला." आणि गेली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता पुष्पांजलीने सवयीने दोन कप काढले, एक परत ठेवला. टीव्ही लावला नाही. भिंतीपलीकडून शिलाई मशीन ऐकू येत होतं, थांबत होतं, पुन्हा चालत होतं. साडेपाचला आचल आली. तिने अंगणात सायकल लावली आणि रोजच्यासारखी ओंजळ तोंडाशी धरून लांब साद घातली. मशीन थांबलं. "बंद कर ते," चेतनाचा आवाज आला. "कायले?" "बंद कर म्हटलं ना." थोड्या वेळाने मशीन पुन्हा सुरू झालं. पुष्पांजली खुर्चीत बसून राहिली. तिला वाटलं, खरं सांगून मोकळं झालो असं लोक म्हणतात, ते कोण लोक असतील. ती मोकळी झालेली नव्हती. तिला फक्त चेतना हवी होती, मुरमुऱ्यांसकट, तिच्या वेड्या हसण्यासकट. आणि सगळ्यात वाईट हे की, आपण सांगितलेल्या गोष्टीत आपण अजून चांगल्याच होतो, डबा घेऊन पाळीवर चढलेली गरीब पोर. मिठाईवाल्याच्या आजारी बहिणीला तरी कुठे काय माहीत होतं, असं म्हणून तिलाही सगळे सोडून देतात.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, ती अंगणात वाळवण उलटत असताना चेतना भिंतीशी आली. डोळे सुजलेले होते, केस नीट विंचरलेले. ती पलीकडेच उभी राहिली, भिंतीवर कोपर टेकलं नाही.

"गावाले उद्या आमी दोघीच जाऊ," ती म्हणाली. "त्या शेपटाच्या बांधीपर्यंत जाऊन येऊ. तुमी नका येऊ."

"बरं."

"एक विचाराचं होतं. पोलीस आला असन ना तेव्हा?"

"आला होता."

"तुमाले विचारलं असन. तुमी होत्या ना पाळीवर."

पुष्पांजलीच्या हातात वाळलेली डाळ पाखडायचं सूप होतं. ते तिने खाली ठेवलं. मी लहान होते, हे शब्द तोंडाशी आले, अगदी तयार, घासून गुळगुळीत झालेले. ते तिने गिळले. मग तिने उजवा हात वर केला आणि एक बोट दाखवलं, जसं त्या खाटेपुढे दाखवलं होतं तसंच.

चेतना त्या बोटाकडे पाहत राहिली. "अन् आले किती होते?"

"दोन. मग आणखी दोन. मग मोजता येईनात इतके."

 चेतना आत गेली, मशीन चालू झालं नाही, दारही लागलं नाही. पुष्पांजलीला वाटलं ती परत येईल, आणि ती परत आलीही. तिच्या हातात वाटी होती, गेल्या सोमवारी इकडून वड्या घालून गेलेली स्टीलची वाटी. ती तिने भिंतीवर ठेवली आणि वळून निघून गेली. वाटी स्वच्छ घासलेली होती. पुष्पांजलीने ती उचलून तिरपी करून पाहिली, तळाशी साखरेचे चार कण तरी असतील म्हणून बोट फिरवून पाहिलं. वाटी रिकामी होती.